सूज उतरली म्हणजे धोका टळला असे नाही

आगीचा धूर श्वासात गेलेल्या रुग्णाची पहिल्या दोन-तीन दिवसांत घशाची सूज उतरली आणि व्हेंटिलेटरची (कृत्रिम श्वासाच्या यंत्राची) नळी निघाली की श्वासमार्गाची काळजी मिटली, हे म्हणणे सुजेपुरते बरोबर आहे. व्रणाला, म्हणजे जखम भरताना उरणाऱ्या वणाला, मात्र ते लागू पडत नाही. धुराने सोललेले अस्तर आणि त्यावर व्हेंटिलेटरच्या नळीच्या फुग्याचा दाब, यांतून बरे होताना धरणारा घट्ट व्रण श्वासनलिका हळूहळू आवळत नेतो आणि ते कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उघड होते.

माझा धाकटा मेहुणा सिलिंडरच्या आगीनंतर १२ दिवस व्हेंटिलेटरवर होता. दोन महिन्यांनी जिना चढताना त्याला धाप लागू लागली, तेव्हा दमा समजून तीन आठवडे पंप देण्यात आला (छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, त्यामुळे आम्हालाही ते पटले). दम्याची शिट्टी प्रामुख्याने श्वास सोडताना ऐकू येते. मेहुण्याच्या श्वासाचा आवाज मात्र श्वास आत घेताना येत असे, तोही शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका. अखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने पाहिले, तेव्हा स्वरयंत्राखालची वाट जेमतेम ६ मिलिमीटर उरली होती. प्रौढांची श्वासनलिका साधारण १५ ते २० मिलिमीटर रुंद असते आणि ती ८ मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत बहुतेकांना चालताना, जिना चढतानाही फारसे काही जाणवत नाही.