मदत हवी आहे : इंदूरमधील सिग्नलांच्या जोडणीसाठी निधी कोठून मागावा?

नमस्कार. चौकाचौकांतील सिग्नल नियंत्रण कक्षाशी जोडणाऱ्या यंत्रणेबाबत आमच्या वसाहतीतर्फे महापालिकेला निवेदन द्यायचे आहे. आमच्या चौकात हा संपर्क तुटला की सिग्नल जुन्या ठरावीक वेळांवर चालतो. परवा संध्याकाळी रिकाम्या रस्त्याला हिरवा दिवा मिळत होता, शेजारी रुग्णवाहिका खोळंबली होती आणि अखेर वाहतूक पोलिसांनी पेटी उघडून हाताने दिवे बदलले.

शहरांतील अशा सुविधांना निधी देणारी, २०१५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची स्मार्ट सिटी मोहीम ३१ मार्च २०२५ रोजी संपली, त्यामुळे पुढचा खर्च कोणत्या खात्यातून मागावा, हा आमचा मुख्य प्रश्न आहे. इंदूरला नर्मदेचे पाणी पंपांनी पुरवणाऱ्या जलूद येथील सौर प्रकल्पासाठी महापालिकेने २०२३ मध्ये हरित रोख्यांतून (पर्यावरणपूरक कामांसाठीच्या कर्जरोख्यांतून) २४४ कोटी रुपये उभारले. पण तिथे वीजबिल वाचते, सिग्नलमधून असे थेट उत्पन्न नसताना रोखे व्यवहार्य ठरतील का? थांबलेल्या वाहनांचा धूर कमी होतो, या आधारे हवा शुद्धीकरणाच्या अनुदानातून रक्कम मागता येईल का?

ऑप्टिकल फायबरला खोदकामाचा मोठा खर्च एकदाच येतो, तर मोबाइल नेटवर्कवरून जोडणी केल्यास सिमकार्डचे बिल दरमहा भरावे लागते. म्हणून मुख्य रस्त्यांवर फायबरच असावे, असे मला वाटते. महापालिकेच्या निविदा किंवा अंदाजपत्रक हाताळलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.