"बेस बसून वाजवणारा अर्धाच वादक" म्हणणाऱ्यांना उत्तर

खर्ज
काल इथे एकाने बेस गिटारबद्दल लिहिलं: "बेस बसून वाजवणारा अर्धाच वादक. पट्टा खांद्यावर आणि पाय जमिनीवर असतील तरच ताल अंगात उतरतो. बसायची सवय लागली की स्टेजवर हात चुकतात." नवीन पोरं हे वाचून पहिल्या दिवसापासून चार किलोचं लाकूड गळ्यात अडकवून दोन-दोन तास उभी राहतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेसचं स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 34 इंच. नटपासून (दांडीच्या टोकाकडची तारांखालची पट्टी) चौथ्या फ्रेटपर्यंत (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) अंतर भरतं साधारण 178 मिलिमीटर. साध्या गिटारवर हेच 134. म्हणजे खालच्या फ्रेटवर बोटं आधीच ताणलेली असतात. बोटं हलवणाऱ्या दोऱ्या (कंडरा) आणि एक नस मनगटातल्या अरुंद बोळातून जातात. मनगट वाकवून बोटं ताणलीत की दोऱ्या त्या बोळातच घासतात आणि नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात त्या इथून. उभं राहून पट्टा सैल सोडला आणि बेस मांडीपर्यंत लोंबला की पहिल्या फ्रेटला डावं मनगट वाकतंच, आणि उजवं बॉडीच्या कडेवर मोडतं. बसल्यावर वाद्य आपसूक पोटाशी येतं आणि दोन्ही मनगटं सरळ होतात. अमेरिकेतल्या नामवंत बेसवादक कॅरोल के यांचे स्टुडिओतले जुने फोटो बघा, खुर्चीत बसलेल्या आहेत. त्यांना अर्ध्या वादक म्हणणार का?

जुळे सोलापूर
पोस्ट माझीच आहे, आणि मी एक शब्दही मागे घेत नाही. स्टुडिओत खुर्ची असते, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिराच्या स्टेजवर तीन तासांच्या ऑर्केस्ट्रात नसते. आणि मनगटाचं सांगताय तर पुढचंही सांगा. बेस उजव्या मांडीवर ठेवला की त्याची मान, म्हणजे फ्रेटची दांडी, आडवी होते. पहिला फ्रेट इतका लांब जातो की डावा खांदा पुढे ओढावा लागतो. घरी असा सराव आणि स्टेजवर पट्टा, मग लांबच्या फ्रेटवर उडी घेताना हात एक फ्रेट अलीकडे पडतो. तिसऱ्याच्या जागी दुसरा फ्रेट वाजला की गायक वळून बघतो.

खर्ज
हा दोष बसण्याचा नाही, पट्टा काढून बसण्याचा आहे. बिनहाताच्या खुर्चीत बसा, मांड्या जमिनीला समांतर. पट्टा घाला आणि बेस मांडीला जेमतेम टेकेल इतका आवळा. मान तीसेक अंश वर. आता उभे राहा. वाद्य जिथे होतं तिथेच राहिलं पाहिजे. खाली गेलं तर पट्टा अजून एक घर वर घ्या. जमलं की त्या घरावर पेनाने खूण करा. यानंतर बसा किंवा उभे राहा, डाव्या हाताला फरक कळणार नाही.

जुळे सोलापूर
पट्टा घालून बसायचं असेल तर ठीक आहे, तेवढं मान्य. पण पोरं पट्टा घालत नाहीत, हेच मी म्हणत होतो. आणि पट्टा फार आवळला की डावं कोपर पूर्ण दुमडतं. तासभर तसं राहिलं की करंगळी आणि शेजारचं अर्धं बोट बधिर होतं. ती नस कोपरामागून जाते. हे तुमच्या उत्तरात कुठे आलंच नाही.

खर्ज
नाही आलं. तिथे तुमचं बरोबर आहे. कोपर काटकोनापेक्षा थोडं उघडं राहील इतकंच आवळा.

सात रस्ता
दोघंही मुंडीबद्दल, म्हणजे मानेच्या खुंट्यांच्या टोकाबद्दल, बोलत नाही आहात. डावा हात सोडून बघा. मुंडी खाली गेली तर तुमचा डावा हात वाजवता वाजवता हमालीही करतोय. बॉडीच्या वरच्या शिंगावरचं (पुढे आलेल्या टोकावरचं) पट्ट्याचं बटण बाराव्या फ्रेटच्या आसपास आलं तर तोल राहतो. फेंडरच्या प्रिसिजन बेसमध्ये तो येतो, गिब्सनच्या एसजीसारख्या आखूड शिंगाच्या बेसमध्ये नाही. दोन इंची नायलॉनचा पट्टा खांद्यावरून सटकतो, म्हणून मुंडी पडतच राहते. साडेतीन इंची, आतून खरखरीत चामड्याचा घ्या, तो शर्टला धरून बसतो. तरी पडली तर हलक्या खुंट्या बसवा. वजन टोकाला असल्यामुळे तिथले शंभर ग्रॅमसुद्धा जाणवतात. आणि बटणाचा स्क्रू फिरत असेल तर भोकात आगकाडीचे तुकडे आणि लाकडाचा गोंद भरा, रात्रभर सुकू द्या, मगच घट्ट करा.

भजनी बेस
खुर्ची आणि स्टेज, एवढंच जग आहे का? आपल्याकडे अर्धे कार्यक्रम गादीवर मांडी घालून होतात. भजन, अभंग, सुगम संगीत. तबला-पेटीच्या ओळीत एकटा बेसवाला उभा राहिला तर ते दिसायलाही वाईट आणि तबल्याशी नजरही जुळत नाही. त्यावर कुणी बोलत नाही.

जुळे सोलापूर
काय बोलालास बे! मांडी घालून बेस वाजतच नाही. बॉडीची खालची कड गादीला लागते, मान डाव्या गुडघ्यावर आदळते, आणि पाठीचा धनुष्यबाण होतो. सतारीला मांडी चालते कारण ते वाद्यच तिच्यासाठी घडवलंय. इथे हट्ट कशाला?

भजनी बेस
हट्ट नाही, गरज आहे. आणि वाजतो. सपाट गादीवर बसलात की गुडघे कमरेच्या वर येतात, मग मान आदळणारच. बुडाखाली पाट घ्या, वर चार पदरी सोलापुरी चादर. बैठक चार-पाच इंच उचलली की गुडघे कमरेखाली जातात आणि पाठ आपोआप सरळ होते. पट्टा उभं राहतानाच्या मापाचाच ठेवा. बॉडी मांड्यांमधल्या खोलगट जागेत बसते, मान चाळीस अंशांवर गुडघ्याच्या वरून निघून जाते.

सात रस्ता
आणि जॅक, म्हणजे वायर खुपसायचं भोक? तो खालच्या कडेला असेल तर सरळ प्लग मांडीत घुसतो. बाजूने दाब आला की जॅकचा नट सैल होतो, जॅक फिरतो, आतली वायर तुटते. मग ऐन अभंगात खरखर.

भजनी बेस
काटकोनी प्लग घ्या. वायर आधी पट्ट्याच्या मागून घाला, मग जॅकमध्ये, म्हणजे ओढ पट्ट्यावर येते. कार्यक्रमाआधी नट घट्ट करा, पण जॅक आतून धरून.

जुळे सोलापूर
पायाचं काय? चार किलो मांडीवर घेऊन पाऊण तास बसलात की पाय बधिर होणार, आणि पाय बधिर झाला की ताल ठोकणार कशाने? उभं राहण्याचा मुद्दाच हा होता. टाच जमिनीवर आपटते तेव्हा ठोका शरीरात बसतो.

भजनी बेस
बधिर होतो, हे खरं. दर दोन अभंगांनी मांडी बदलावी लागते. वरचा पाय खाली घ्यायचा. ठोका मात्र पायाचाच लागतो असं नाही. तबलजी कुठे पाय आपटतो?

खर्ज
मांडीचं मला सुचलंच नव्हतं. एक विचारतो. मान चाळीस अंशांवर असताना मुंडी शेजारच्या तबलजीच्या डोक्याशी येते ना?

भजनी बेस
येते. म्हणून बेसवाला ओळीच्या स्वतःच्या डाव्या टोकाला बसतो, मुंडीच्या बाजूला कुणी नको. साउंडचेकच्या आधी जागा धरा, नंतर पेटीवाला हलत नाही.

जुळे सोलापूर
पाट किती इंची? खूप उंच झाला तर ओळीत एकटाच वर दिसेल.

भजनी बेस
तीन इंची देवघरातला पुरतो. चादर दाबली गेली की एकूण चारच भरतात.