मदत हवी आहे: सर्जरीआधीचा लिक्विड डाएट

नमस्कार मंडळी, आईची वजन कमी करण्याची सर्जरी ठरली आहे. त्याआधी 2 आठवडे फक्त पातळ आहार सांगितलाय. जठरावर येणारं लिव्हर चरबीने सुजलेलं असतं, ते आकसलं की दुर्बिणीतून ऑपरेशन सोपं जातं, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. त्यामुळे पथ्य मोडायचं नाही, हे पक्कं. पण गोड प्रोटीन शेकचा तिला इतका वीट आलाय की ग्लास तोंडाजवळ नेला तरी मळमळतं. डायबेटिसच्या गोळ्या डॉक्टरांनी आधीच कमी केल्यात, ती काळजी नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा, बिनगोड असं काय चाललं? गरम सूपमध्ये प्रोटीन पावडर घातली की गुठळ्या होतात, त्यावर काय करता? आणि घरात बाकीचे जेवायला बसले की तुम्ही काय करायचात?