खाऱ्या पाण्याच्या तलावाचा पीएच सतत चढतो आणि क्लोरीन टिकत नाही

प्रश्न:
घरच्या उघड्यावरच्या पोहण्याच्या तलावात सुमारे 50,000 लिटर पाणी असून मिठापासून क्लोरीन तयार करणारा क्लोरिनेटर बसवलेला आहे. मीठ 3,200 पीपीएमवर (पाण्याच्या दहा लाख भागांमागे 3,200 भाग) स्थिर आहे, परंतु पीएच पाच-सहा दिवसांत 7.4 वरून 8.2 पर्यंत चढतो. हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मी तो खाली आणतो आणि त्यामुळे अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) घटली की खाण्याचा सोडा घालून ती पुन्हा 120 पीपीएम करतो. दुसरी अडचण अशी की यंत्र पूर्ण क्षमतेवर आठ तास चालवूनही दुपारी मुक्त क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक असलेले क्लोरीन) 0.5 पीपीएमच्या वर राहत नाही. सायन्युरिक आम्ल 20 पीपीएम आहे. सेल (यंत्रातील क्लोरीन तयार करणारा भाग) निकामी झाला असावा, असे मला सांगण्यात आले आहे. नवा सेल घेण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

पहिले उत्तर:
सेलचा विचार नंतर करा. आधी सोडा घालणे थांबवा. अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, आणि ते जितके अधिक तितका पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेशी असलेल्या समतोलापेक्षा जास्त राहतो. तो हवेत निसटतो तसा पीएच चढतो. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तयार होतात आणि पाणी घुसळून ते या निसटण्याला वेग देतात. कारंजे असेल तर तेही हेच करते. म्हणजे आम्लाने जी अल्कलिनिटी आपण कमी करता, तीच सोड्याने परत भरून पुढच्या चढाची तयारी करता. ती हळूहळू 70 च्या आसपास येऊ द्या, आणि आम्ल घालताना पीएच 7.6 च्या खाली नेऊ नका, कारण पीएच जितका खाली तितका वायू वेगाने बाहेर पडतो.

दुसरे उत्तर:
क्लोरीन न टिकण्याचे कारण बहुधा ऊन आहे. सायन्युरिक आम्ल क्लोरीनला अतिनील किरणांपासून वाचवते, आणि उघड्यावरच्या खाऱ्या तलावात ते 60 ते 70 पीपीएम असावे लागते. आपल्या पाण्यात ते 40 पीपीएमने वाढवायला 2 किलो लागेल. मात्र एकदम न घालता दोन टप्प्यांत घाला, कारण जास्त झाल्यास पाणी बदलण्यावाचून व्यवहार्य उपाय नाही. त्यानंतर मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या सुमारे 5 टक्के, म्हणजे 3 ते 3.5 पीपीएम ठेवा.

तरीही शंका राहिली तर यंत्र बंद करून सूर्यास्तानंतर आणि पहाटे ऊन पडण्यापूर्वी क्लोरीन मोजा. रात्रीतून 1 पीपीएमहून अधिक घट झाली, तर ते ऊन नव्हे, शेवाळ किंवा सेंद्रिय घाण आहे. क्लोरीन टिकू लागले की यंत्र कमी चालवावे लागेल, हायड्रोजन कमी तयार होईल आणि पीएचचा चढही मंदावेल. म्हणून या दोन अडचणी मला एकच वाटतात.

तिसरे उत्तर:
वरील दोन्ही सल्ल्यांशी सहमत असलो, तरी 70 या आकड्याबाबत सावध करावेसे वाटते. चाचणीत दिसणाऱ्या अल्कलिनिटीत सायन्युरिक आम्लाचाही वाटा असतो, आणि तो ढोबळमानाने त्याच्या एक तृतीयांश भरतो. सायन्युरिक आम्ल 60 झाल्यावर 70 या आकड्यातील खरी कार्बोनेट अल्कलिनिटी 50 च उरेल. त्याहून खाली गेल्यास पीएच थोड्याशा आम्लानेही घसरेल, आणि कॅल्शियमही कमी असेल तर पाणी तलावाचा गिलावा झिजवू लागेल. त्यामुळे कॅल्शियम हार्डनेस, म्हणजे पाण्यातील कॅल्शियमचे प्रमाण, अवश्य मोजा. शिवाय पीएच वारंवार 8.2 पर्यंत गेल्याने सेलच्या पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर बसलेला असू शकतो; तोही क्लोरीनचे उत्पादन घटवतो. आम्ल नेहमी पंप चालू असताना घाला, आणि क्लोरीनच्या कोणत्याही पदार्थाजवळ ते ठेवू नका.

प्रश्नकर्ता:
तीन आठवड्यांनी कळवत आहे. पट्ट्यांवर थर होताच. विरल आम्लाने तो निघाला. सायन्युरिक आम्ल आता 60, अल्कलिनिटी 75 आणि कॅल्शियम 280 पीपीएम आहे. रात्रीतून क्लोरीन केवळ 0.3 ने घटते आणि यंत्र निम्म्या क्षमतेवर चालवूनही दुपारी ते 3 पीपीएम मिळते. गेल्या बारा दिवसांत पीएच 7.6 वरून 7.8 पर्यंतच गेला. नवा सेल घेतलेला नाही.