एका पायावरचं अस्वल: दगड आणि तोल

इनुइट (कॅनडाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी) कलाकार दगडात नाचणारं अस्वल कोरतात. त्याबद्दल दोन प्रश्न आलेत: हा दगड म्हणजे शंखजिरंच (मऊ, गुळगुळीत दगड) ना, आणि एका पायावर नाचणारं अस्वल पडत कसं नाही?

कॅनडाच्या बॅफिन बेटालगतच्या किनगाइत गावातला (जुनं नाव केप डॉर्सेट) प्रसिद्ध हिरवा दगड बहुतेक वेळा सर्पेंटाइन, म्हणजे शंखजिऱ्याहून कठीण खनिज, असतो. शंखजिरं नखाने ओरखडतं. सर्पेंटाइनवर नख चालत नाही. म्हणून तिथे कुऱ्हाड आणि कानशीच्या जोडीला अँगल ग्राइंडर (फिरत्या चकतीने कापायचं-घासायचं यंत्र) आला.

आधी दगड हातोडीने ठोकून बघतात. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत चीर. शंका असेल तर ओला करून वाळू द्यावा. चिरेतलं पाणी उशिरा वाळतं आणि रेघ उठून दिसते. ही चीर पायाच्या जागी आली तर तो दगड अस्वलासाठी बाद. त्यातून सील हा समुद्री प्राणी कोरावा, त्याला बारीक अवयव नसतात.

तोलाचं उत्तर किनगाइतचे शिल्पकार पौटा साइला यांच्या अस्वलांत दिसतं: पाय जाड, धड अवजड, पण सगळ्या वजनाची मध्यरेषा तळव्याच्या आतच उतरते. तळवा सुरुवातीला मोठा ठेवून शेवटी घासतात. आधीच बारीक केला तर दुरुस्ती नाही.

पॉलिश पेपर पाण्यासोबत, 220 नंबरपासून (खरखरीत) 600 नंबरपर्यंत (बारीक). टप्पा गाळला की ओरखडे शेवटी लावलेल्या मेणाखालूनही दिसतात.

आणि मास्क हवाच! काही सर्पेंटाइनमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. कोरडं ग्राइंडिंग बंद खोलीत अजिबात करू नका.