केबिन बदलल्याची मेल आलीय, सध्या कुणी काही दाबू नका (ज्येष्ठांचा अलास्का ग्रुप)

प्रेषक: शहापूरच्या वहिनी

सगळ्यांना नमस्कार.

अलास्का ग्रुपमधल्या तीन घरांना काल रात्री क्रूझ कंपनीची मेल आलीय. वर ‘अभिनंदन, तुमची केबिन अपग्रेड झाली’ आणि खाली नवा नंबर. काकूंची सहाव्या डेकवरची, लिफ्टजवळची खिडकीवाली केबिन काढून अकराव्या डेकवर अगदी पुढच्या टोकाला बाल्कनी दिलीय. लेक-जावई शेजारच्या केबिनमध्ये होते, ते सहाव्यावरच राहिले. काकू वॉकर घेऊन चालतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या घराला इनसाइडवरून (बिनखिडकीच्या केबिनवरून) खिडकी मिळाली खरं समोर लाइफबोट लटकते. तिसऱ्यांनी मेल अजून उघडलेली नाही.

उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात भरायचेत. जुनी केबिन परत मिळते काय? फोन एजंटला लावायचा की कंपनीला? आजच सांगा.

———

प्रेषक: अनगोळचे मामा

वहिनी, नव्या नंबरावर ऑनलाइन चेक-इन करू नका आणि सामानाचे टॅगही छापू नका. आधी एक तपासणी करा. कंपनीच्या साइटवर तेच जहाज, तीच तारीख घेऊन नवीन बुकिंग सुरू करा आणि पैसे भरायच्या पानाच्या आधी थांबा. केबिन निवडायच्या यादीत काकूंचा जुना नंबर दिसला तर ती अजून मोकळी आहे. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. नंबर दिसला नाही तर त्याच डेकवरचे, मधल्या भागातले, लिफ्टपासून पाच-सहा दारांच्या आतले तीन नंबर लिहून ठेवा. फोनवरचा माणूस तुमच्यासाठी डेकचा नकाशा बघत बसत नाही. तुम्ही जो नंबर सांगाल तोच तो टाकून बघतो. ‘जवळपास कुठंतरी द्या’ म्हणालात तर जे वर येईल ते गळ्यात पडतं.

परत हलवताना ‘भाडं तेच राहणार काय’ हे स्पष्ट विचारायचं. खालच्या वर्गाचं भाडं मधल्या काळात वाढलं असेल तर सिस्टिम आजचा दर लावू शकते, आणि बुकिंगच्या वेळी मिळालेलं जहाजावरच्या खर्चाचं क्रेडिट किंवा वायफाय गळून पडू शकतं. जुनं आणि नवं कन्फर्मेशन शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा: भाडं, कर, बक्षिशी (टिप), क्रेडिट, जेवणाची वेळ. काही गळालं असेल तर त्याच फोनवर बोला. दोन दिवसांनी केलेल्या फोनला ‘तुम्हीच बदल मागितला’ हे उत्तर मिळतं.

असं का होतं तेही सांगतो. स्वस्त वर्गाला मागणी जास्त. तिथल्या केबिन संपल्या की कंपनी आधीच्या लोकांना वर सरकवते आणि मोकळी झालेली खालची केबिन पुन्हा विकते. तीन-चार माणसांच्या कुटुंबासाठी जादा बर्थवाली केबिन हवी असली तरी हेच. प्रत्येक मस्टर स्टेशनला (संकटात जमायच्या जागेला) लाइफबोटीतल्या जागा ठरलेल्या असतात, त्यामुळं जहाजाच्या एका भागात किती माणसं ठेवायची यालाही मर्यादा असते. समान किंवा वरच्या दर्जाची दुसरी केबिन द्यायचा हक्क कंपनीनं तिकिटाच्या करारात राखून ठेवलेला असतो. म्हणून हक्काची भाषा फोनवर चालत नाही. विनंती, कारण आणि नेमका नंबर चालतो.

लाइफबोटवाल्यांचं वेगळं दिसतंय. त्यांच्या पहिल्या कन्फर्मेशनवर केबिन नंबरच्या जागी ‘जीटीवाय’ छापलंय काय बघा. असेल तर ते गॅरंटीचं तिकीट. केबिन कंपनी निवडणार आणि आपण स्वस्तात घेणार, असा तो सौदा असतो. तिथं बदल मागायला फारशी जागा नाही.

———

प्रेषक: निपाणीचे अण्णा

बाल्कनी फुकट मिळतेय आणि आपण परत करायला निघालोय? लोक वरून पैसे मोजून घेतात. लेक लिफ्टनं वर येईल की. काकूंना समजावून सांगा, बर्फाचे डोंगर खोलीतून दिसतील.

———

प्रेषक: खानापूरच्या बाई

अण्णा, बाल्कनी चांगलीच असते. ही कुठं आहे ते बघा.

सिॲटलहून निघणारी जहाजं बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून निघालेल्यांना बराच वेळ आतल्या खाडीचा आडोसा मिळतो. आपला ग्रुप सिॲटलचा. उघड्या समुद्रात जहाजाचं नाक वर-खाली होतं, आणि हलणं सगळ्यात जास्त लागतं ते टोकाला आणि वरच्या मजल्यांवर. मधला भाग, खालचे डेक हे सगळ्यात स्थिर. म्हणजे वॉकरवाल्या माणसाला आपण शांत जागेवरून उचलून जास्तीत जास्त हलणाऱ्या जागेत नेतोय.

दुसरी गोष्ट दाराची. साध्या केबिनचं दार साधारण २२-२३ इंच रुंद असतं, अॅक्सेसिबल (व्हीलचेअर-वॉकरवाल्यांसाठीच्या) केबिनचं ३२ इंच. वॉकर उघडून मापा, आजच. बहुतेक साध्या केबिनमध्ये बाथरूमच्या दारात उंबरा असतो आणि बाल्कनीच्या सरकत्या दाराखालीही. ते दार वाऱ्यात इतकं जड जातं की काकू एकट्यानं ते ओढू शकणार नाहीत. पुढच्या टोकाच्या केबिनमधून मागच्या जेवणाच्या हॉलला जायचं म्हणजे जहाजाची जवळजवळ अख्खी लांबी, दिवसातून तीनदा.

नकाशा बघताना एकच डेक बघू नका. वरचा आणि खालचा डेकही उघडा. दोन्हीकडं केबिनच असतील तर झोप लागते. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा बुफे असला तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, पायाखाली थिएटर असलं तर रात्री अकरापर्यंत धडधड. नकाशावर दोन केबिनच्या मध्ये छोटा बाण दिसला तर ते आतून उघडणारं दार. शेजाऱ्यांचं बोलणं, खोकणं सगळं त्यातून ऐकू येतं. काकूंच्या आणि लेकीच्या केबिनमध्ये तसं दार असेल तर मात्र ते सोडूच नका. रात्री हाक मारली तर ऐकू जाईल.

———

प्रेषक: टिळकवाडीचे काका

एक गोष्ट स्पष्ट करतो. ग्रुपचं बुकिंग प्रवास समितीमार्फत झालंय. कुणीही परस्पर कंपनीला फोन करू नये. एजंटमार्फत झालेल्या बुकिंगवर कंपनी प्रवाशाशी बोलत नाही, ‘एजंटला सांगा’ म्हणून फोन ठेवते, आणि बुकिंगवर नसत्या नोंदी पडतात त्या वेगळ्या. शिवाय आपला दर किमान केबिनच्या संख्येवर बांधलेला आहे. एखादी केबिन रद्द करून नव्यानं घेतली तर ती ग्रुपच्या बाहेर पडते, आणि मोफत बर्थचा (ठरावीक केबिनमागं ग्रुपला मिळणाऱ्या फुकट जागेचा) हिशेब सगळ्यांचा बिघडतो. ‘रद्द करा’ हा शब्द फोनवर कुणी उच्चारूसुद्धा नये. ‘केबिन बदला’ म्हणायचं. तिन्ही घरांनी दोन्ही कन्फर्मेशन मला पाठवा. मी एजंटला लावतो.

आणि काकूंच्या लेकीचं बुकिंग समितीनं केलेलं नाही. ते परस्पर सिॲटलहून झालंय. गोंधळ तिथंच आहे.

———

प्रेषक: सिॲटलची भाची

काका, काकूंच्या लेक-जावयांचं बुकिंग मीच इथल्या एजंटकडून केलंय, त्यामुळं त्यावर तुमचा एजंट काही करू शकणार नाही आणि काकूंच्या बुकिंगवर माझा काही करू शकणार नाही. दोघांनी एकाच दिवशी फोन करायला हवा. सिॲटलचे सकाळचे नऊ म्हणजे सध्या बेळगावात रात्रीचे साडेनऊ. आज त्या वेळेला मी माझ्या एजंटला लाइनवर घेते, तुम्ही तुमच्याला घ्या.

दोन्ही बुकिंगं एकमेकांना जोडलेली आहेत, ते मी तेव्हाच करून घेतलं होतं. खरं त्या जोडण्याचा उपयोग मुख्यतः जेवणाचं टेबल एकत्र मिळण्यापुरता. केबिन शेजारी राहतीलच याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी दोन्ही बुकिंगांवर दोन वेगळ्या गोष्टी लागतात: ‘अपग्रेड नको’ ही खूण, आणि शेजारची केबिन का हवी याची लेखी नोंद. खूण एकाच बुकिंगवर असली तर दुसरं हलतं. काकूंचं तसंच झालं असणार.

———

प्रेषक: अनगोळचे मामा

भाची बरोबर बोलतेय. खूण म्हणजे काय ते सगळ्यांसाठी लिहितो. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढताना आयआरसीटीसीच्या फॉर्मवर ‘ऑटो अपग्रेडेशन’चा चौकोन असतो ना, तसलीच सोय बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या बुकिंगमध्ये असते. प्रवाशाला ती नेहमी दिसत नाही, एजंटच्या स्क्रीनवर असते. साधारण तीन पर्याय: अपग्रेड चालेल, त्याच प्रकारात चालेल (खिडकीवरून जास्त भाड्याची खिडकी), अजिबात नको. एजंटनं काही निवडलं नाही तर बहुतेक वेळा ‘चालेल’ धरतात. तिसरा पर्याय लावून घ्यायचा आणि तो कन्फर्मेशनवर छापून मागायचा. छापता येत नसेल तर एजंटकडून मेलवर एक ओळ घ्यायची.

खुणेनंही सगळं अडत नाही. केबिनमध्ये पाणी गळतंय, वातानुकूलन बंद आहे, अशा वेळी कंपनी हलवणारच. पण विक्रीसाठी म्हणून जे हलवाहलवीचं सत्र चालतं, त्यातून सुटका होते.

बाईंच्या मुद्द्यावर एक भर. काकूंसाठी कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म भरा. वॉकर, उंबरा, रात्री मदतीला शेजारी माणूस, सगळं लिहा. नुसती ‘ज्येष्ठ नागरिक’ ही नोंद काही कामाची नाही. अॅक्सेसिबल केबिन मागणार असाल तर गरज लिहून द्यावीच लागते. नाही दिली तर ती केबिन गरजवंताला देऊन आपल्याला हलवण्याचा अधिकार त्यांना असतो.

———

प्रेषक: वडगावचे तात्या

बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिन घेऊन जा. निघायच्या आधी एक.

———

प्रेषक: खानापूरच्या बाई

तात्या, त्या गोळीनं झोप येते. गुंगीत रात्री बाथरूमला उठलं, पाय उंबऱ्याला अडला, की पडणं आलं. ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नये, बाकी औषधांची यादी दाखवून.

———

प्रेषक: निपाणीचे अण्णा

बाई, पटलं. माझी स्वतःची केबिन सातव्यावर मध्येच आहे, ती ठेवतो. मला आणखी एक मेल आलीय, ‘बोली लावा आणि स्वीट (मोठी, ऐसपैस केबिन) मिळवा’. ही पण तीच काय?

———

प्रेषक: अनगोळचे मामा

नाही अण्णा, ही पैशाची. रॉयल कॅरिबियनकडं तिला रॉयलअप म्हणतात, सेलिब्रिटीकडं मूव्हअप. दाखवलेला आकडा माणशी असतो आणि दोन माणसांचा धरला जातो, म्हणजे बोलीच्या दुप्पट रक्कम कार्डावर पडते. केबिनमध्ये एकटा माणूस असला तरी दोघांचे. बोली स्वीकारली गेली की परत विचारत नाहीत, कार्डावरून पैसे जातात, परतावा नाही, आणि त्या वर्गातली कुठली केबिन द्यायची ते कंपनी ठरवते. स्वीकारली जाईपर्यंत बोली बदलता किंवा मागं घेता येते. ज्यांनी ‘बघूया तरी’ म्हणून लावली असेल त्यांनी आजच मागं घ्या. ‘अपग्रेड नको’ची खूण असूनही आपणच बोली लावली असेल तर ती आपली मागणीच ठरते. घरातल्या पोरांनी आई-बाबांच्या मेलवरून लावली असेल तर तेही विचारा.

———

प्रेषक: कॅम्पातल्या अक्का

केबिन बदलली की टॅग बदलतात हे कुणी लिहिलं नाही. बंदरावर हमाल बॅग घेतो तो टॅगवरचा नंबर बघून. जुना टॅग राहिला तर बॅग सहाव्यावर आणि माणूस अकराव्यावर. मस्टर स्टेशनही केबिनप्रमाणं ठरतं, तेव्हा चढल्यावर कार्डावरचं अक्षर बघून घ्या, घरी छापलेल्या कागदावर विसंबू नका. औषधं, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत. बॅग संध्याकाळपर्यंत केबिनला येत नाही.

आणि मागच्या वेळी झालं ते पुन्हा नको. चहाची किटली, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टरवाली एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत सापडली की काढून घेतात. कुंदा न्यायचा तर दुकानातला सीलबंद. घरचा डबा जहाजावर चढू देत नाहीत. अमेरिकेत उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करायची.

———

प्रेषक: टिळकवाडीचे काका

अक्का, सामानाची यादी समिती वेगळी पाठवणार आहे. हा धागा केबिनपुरता ठेवूया.

———

प्रेषक: शहापूरच्या वहिनी

रात्री दोन्ही एजंट एका वेळी लाइनवर होते. काकूंचा जुना नंबर यादीत नव्हता, तो विकला गेलाय. मामांनी सांगितल्याप्रमाणं तीन नंबर तयार होते. पहिला गेलेला, दुसरा मिळाला. सहावा डेक, जुन्या जागेपासून चार दारं मागं, वर-खाली दोन्हीकडं केबिन. भाडं तेच, क्रेडिट तेच, मी दोन्ही कागद ताडून बघितले. मग भाचीच्या एजंटनं लेक-जावयांना त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये आणलं. मध्ये दार आहे. दोन्ही बुकिंगांवर ‘अपग्रेड नको’ लागलंय. काकूंच्या कन्फर्मेशनवर ते छापून आलं, लेक-जावयांच्या नाही. भाची तेवढी एक ओळ मेलवर घे.

लाइफबोटवाल्यांचं तिकीट जीटीवायच निघालं. त्यांनी तीच केबिन ठेवलीय, उजेड येतो एवढं त्यांना पुरे.

तिसऱ्या घरानं अजून मेल उघडलेली नाही. वडगावात त्यांच्या शेजारी कोण राहतं? तात्या, आज संध्याकाळी जाऊन फोन हातात घेऊन बघा. नवा नंबर, डेक, आणि पहिल्या कागदावर केबिन नंबर होता की जीटीवाय, एवढं मला कळवा.