खुरीसारख्या वाळवंटी गावात बाईने एकटीने मुक्काम करावा का?

रानजाई
माझं मत आधीच सांगते. जरूर करावा, पण तंबूत नाही, नांदत्या घरात.

खुरी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला आहे, पन्नासेक किलोमीटरवर. सोढा राजपुतांचं गाव. मातीने सारवलेली घरं आणि वस्ती संपते तिथून वाळूच्या टेकड्या सुरू. डिसेंबरात मी तिथे एका कुटुंबाकडे राहिले होते. घरात सासू, सुना, शाळकरी मुली. सोगरा म्हणजे बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी आणि ताक असं जेवण चुलीपुढे त्यांच्यातच बसून झालं. झोपायची सोय मुलींच्या खोलीत केली होती. थंडी मरणाची होती, पण भीती अशी वाटली नाही.

याउलट सम, जैसलमेरजवळचं वाळूच्या टेकड्यांचं दुसरं ठिकाण. तिथे रस्त्याच्या कडेने तंबूंच्या छावण्या लागलेल्या, रात्री डीजे, मैफलीत दारू. ओळखीचं कुणी नाही, सकाळी सगळे निघून जाणार. एकट्या बाईला लोक हेच ‘सुरक्षित’ म्हणून सुचवतात, हे मला अजिबात पटत नाही. माझी अट एकच: ठरवण्याआधी फोनवर घरातल्या बाईशी बोलायचं. बोलू दिलं नाही तर जायचं नाही.

उभा_छेद
रानजाई, अनुभव चांगला आला याचा आनंद आहे, पण तुमची अट मला फार कच्ची वाटते. २०११ च्या जनगणनेत जैसलमेर जिल्ह्यातली स्त्री-साक्षरता ४० टक्क्यांच्याही खाली होती. दर हजार पुरुषांमागे बायका ८५२. अशा ठिकाणी फोन पुरुषाचा, बुकिंग त्याने घेतलेलं, पैसेही तोच मोजून घेणार. तो शेजारी उभा असताना सून तुम्हाला ‘येऊ नका’ म्हणेल? ती ‘पधारो’च म्हणणार. आणि वस्ती चौरस किलोमीटरला १७ माणसं. गावाबाहेर पाऊल टाकलं की मदतीला यायला माणूसच नाही.

छावणीतली_सई
नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही जैसलमेरला राहिलो आहोत, म्हणून लिहिते. गावातल्या घरात धोका कमी असतो, तो त्याच्या आधी आणि नंतर असतो. स्टेशनवर उतरल्या उतरल्या स्वस्त खोलीवाले मागे लागतात. खोली जवळजवळ फुकट, पण त्यांचीच उंटाची सफारी घ्यायची. नाही म्हटलं की सूर बदलतो, कधी खोली सोडायला सांगतात. दुसरी जागा म्हणजे रात्रीची सफारी, तुम्ही आणि एक उंटवाला, भोवती मैलोन् मैल वाळू. एकटीने ती घेऊच नये, कुणी कितीही भला वाटो. गावात मात्र तुम्ही कुणाच्या घरच्या पाहुण्या आहात हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हाला कुणी त्रास दिला तर त्या घराची इज्जत जाते, आणि तिथे हे हलक्यात घेत नाहीत.

उभा_छेद
सईताई, स्टेशनचं आणि सफारीचं सोळा आणे खरं. पण ज्या इज्जतीने तुम्हाला राखलं, तीच त्या सुनेला घूंघटात ठेवते. पाहुणीला कोटडीत, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, पुरुषांबरोबर खाटेवर बसवतात, चहा देतात, गप्पा मारतात. तो चहा करणारी तिथे येऊ शकत नाही. तुम्ही दोन दिवस हे संरक्षण उपभोगून परत येता आणि ‘गाव किती मोकळं आहे’ असं लिहिता. मला हे खुपतं.

रानजाई
‘मोकळं’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. घूंघट पाहिला, सासरे आले की सुनांचं बोलणं बंद होतं हेही पाहिलं. पण म्हणूनच बाईने जावं असं मला वाटतं. पुरुष प्रवासी कोटडीतच थांबतो, चुलीपर्यंत त्याला कुणी नेत नाही. मला दोन्हीकडे बसता आलं. आतल्या बायकांनी मला जे विचारलं (पगार कुणाच्या हातात असतो, नवऱ्याने एकटीला येऊ कसं दिलं) ते बाहेर कुणीच विचारलं नाही. समच्या रस्त्यावर कनोईला २०२१ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, पिवळ्या दगडाची, लंबगोल. तिथली बदलाची हवा मला तंबूत बसून कळली नसती. आणि राहण्याचे पैसे मी सासूबाईंच्याच हातात दिले.

आबा_वाईकर
माझी मुलगी जाते म्हणाली तर अडवणार नाही. पण दिवस मावळायच्या आत पोहोचायचं आणि परतीची गाडी आधी ठरवलेली हवी. त्या भागात बस मोजक्याच. ११२ लावायचा तरी रेंज हवी ना! घरच्यांचा आणि गावातल्या आणखी एकाचा नंबर मागे आमच्याकडे ठेवून जावं.

पाणवठा
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. पाणी. पावसाचं पाणी टांक्यात साठवायचं, नाहीतर टँकर बोलवायचा, आणि घरापर्यंत घागरी आणणार त्या बायकाच. पाहुणीच्या आंघोळीची बादलीही त्यांच्याच डोक्यावरून येते. अर्ध्या बादलीत भागवा. सॅनिटरी पॅड तिथे टाकू नका, कागदात गुंडाळून शहरात परत आणा. तिथे कचऱ्याची गाडी येत नाही, वाऱ्याने सगळं खेजडीच्या झाडांच्या काट्यांना अडकतं.

उभा_छेद
पाणवठा, हे फार मोलाचं. रानजाई, चुलीपर्यंत जाता येतं हा मुद्दा मी मानतो. फोनच्या अटीवर मात्र माझं मत तेच आहे. त्याऐवजी त्या घरी अलीकडे एकटी राहून आलेल्या बाईला गाठा आणि तिला नेमकं विचारा: रात्री दाराला आतून कडी होती का, संडास घरापासून किती लांब, घरातले पुरुष पीत होते का. अशी कुणी सापडली नाही, तर पहिल्या खेपेला सोबत घेऊन जा.

रानजाई
कडीचा प्रश्न माझ्या यादीत घेतला. सोबतीचं मात्र नाही पटत. खुरीत अशी कुणी सापडली नाही तर मी दुसरं घर शोधेन, पण एकटीच जाईन.